चिमूटभर खार

मथुराबाईचं एक ठाम मत होतं आणि ते ती कुणी विचारो न विचारो, सांगायचीच. दहा घरांत चुली पेटतात, त्यांतल्या नऊ घरांत बायांना स्वैपाक येत नाही. "उकडायचं, वरनं तिखट मारायचं आन् वाडायचं. ह्येला काय स्वैपाक म्हंत्यात व्हय? गडी बिचारं गिळत्यात. भुकेल्या माणसाला काय कळतंय!"

तिनं बोलावं असा तिचा हात होता, हेही खरंच. नवरा मेल्यावर सोलापुरात सात रस्त्याजवळ दोन खोल्यांत तिनं गिरणीतल्या गड्यांची खानावळ घातली होती. कुणी नातेपुत्याकडचा, कुणी मंगळवेढ्याकडचा, बायकापोरं गावाला ठेवून आलेला. गिरणीचा भोंगा झाला की अंगावर कापूस घेऊन ही माणसं तिच्या दारात पंगत धरून बसायची. भाकरी काय, भाजी काय, ती सगळ्याच खानावळींत मिळते. मथुराबाईची खानावळ उभी होती ती डाळीवर, आणि ती डाळ बिनखाराची होती.

खार म्हणजे आपला पापडखार. चिमूटभर टाकला की कसलीही चिवट डाळ बघता बघता गळून पडते. सरपण वाचतं, वेळ वाचतो. बाकीच्या खानावळींत तो मुठीनं पडायचा आणि मग गिरणीतले गडी मागावर उभे राहून पोटं धरायचे. मथुराबाई खाराचं नाव काढलं तरी थुंकायची. "खारानं डाळ शिजत न्हाय, मरती," म्हणायची. "मेलेलं वाडायला मी काय वैरीण हाय?" गिरणीत नवा गडी लागला की जुने त्याला सांगायचे, मथुरामावशीकडं जेव, पोट दुखायचं नाही. एवढ्या एका वाक्यावर तिनं आपलं आणि लेकीचं पोट भरलं होतं.

लेक एकुलती एक, बजा. परकरात असल्यापासून चुलीपुढं बसवून मथुराबाईनं तिला शिकवलं. डाळ हाताला लोण्यासारखी लागेपर्यंत उठायचं नाही, उठलीस तर पाठीत धपाटा. सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच्या आदल्या वर्षी तिचं लग्न कुंडलिकशी झालं. कुंडलिक गिरणीत साच्यावर, सूत काढायच्या यंत्रावर, होता. त्याचा बाप आप्पा, आई सोनाबाई. गावाबाहेर देगावच्या वाटेला नवी आळी वसत होती, तिथं आप्पानं घर बांधलं होतं आणि अंगणात स्वतः पहार मारून विहीर पाडली होती. ती विहीर म्हणजे आप्पाचा जीव. दारी आलेल्याला बसा म्हणायच्या आधी तांब्या पुढं करायचा. "प्या. नारळाचं पाणी हाय का न्हाय बगा." आणि पाणी खरंच गोड होतं. लग्न ठरवायला गेली तेव्हा मथुराबाईही दोन तांबे प्याली होती आणि मनात म्हणाली होती, पोरीनं नशीब काढलं.

नव्या सुनेनं उंबरा ओलांडला तशी सोनाबाई चुलीपासून उठली ती उठलीच. सून आल्यावर सासूनं फुंकणी धरायची असते का कुठं? तिथून पुढं सगळं बजाच्या हातात आलं.

पंचमीला बजा माहेरी आली ती गळ्याची हाडं दाखवत. झोका खेळायला गेली नाही, मेंदी लावली नाही. रात्रीची भांडी घासून झाल्यावर आईच्या पायाशी बसली आणि हळूच म्हणाली, "आई, तितं डाळ शिजत न्हाय."

"शिजत न्हाय म्हंजे?"

"कितीबी जाळ घाल, कडकच ऱ्हाती. भाकरी बरी होती, भाजी बरी होती, डाळच तेवडी. मामंजी रोज बोलत्यात. पाणी जड हाय ग तितलं."

"म्याबी प्यालेय त्ये पाणी. गुळावानी हाय."

"प्यायला गोड हाय. डाळीला जड हाय." बजा मग खाली बघूनच म्हणाली, "शेजारची अंबुबाई म्हंती, चिमूटभर खार टाकत जा. आळीतल्या समद्याच टाकत्यात म्हनं, गपचिप. गड्यांना पत्ता लागू देत न्हायत."

झालं! मथुराबाईच्या पायाची आग मस्तकाला गेली. तिनं बजाचा हात धरला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "माज्या गळ्याची आण हाय तुला. खाराला हात लावलास तर मी मेले म्हनून समज. मथुराबाईची लेक खार टाकती, ह्ये सोलापुरात कुणाच्या कानावर गेलं तर ही पंगत उद्या उटंल. समद्या आळीच्या बाया आळशी, म्हनून तूबी?"

बजानं आईच्या गळ्यावरून हात काढून घेतला आणि झोपायला गेली.

पुढं दिवाळीत आप्पाच्या घरी भावकी जेवायला आली. बजानं पहाटे पुरण घातलं आणि दिवस डोक्यावर आला तरी हरभऱ्याची डाळ शिजेना. शेवटी तसंच वाटलं, तशाच पोळ्या लाटल्या. घासाला दातांखाली कणी लागायला लागली. चार माणसांत आप्पाची मान खाली गेली. त्यानं सुनेला बाहेर बोलावलं आणि विचारलं, ह्ये काय? घाबरलेली पोर खोटं कसं बोलायचं, तेही शिकली नव्हती. म्हणाली, "मामंजी, हिरीचं पाणी जड हाय."

आप्पानं भरलं ताट ढकलून दिलं. स्वैपाक बिघडवला असता तर बोलून मोकळा झाला असता, पण पोरीनं त्याच्या विहिरीलाच नाव ठेवलं होतं. त्याच आठवड्यात कुंडलिक बजाला सात रस्त्यावर घेऊन आला. ट्रंक दारात ठेवली आणि घोटभर पाणी न पिता निघून गेला.

आता बजा आईच्या खानावळीत राबायला लागली. इथं तिच्या हातची डाळ लोण्यासारखी व्हायची. मथुराबाई ती चिमटीत दाबून बघायची आणि तिचं डोकं जास्तच फिरायचं. "हितं शिजती, आन् तितंच कशी शिजत न्हाय? मन न्हाय तुजं तितं! जाळापुडं बसायचा कंटाळा!"

"आई, हितं नळ हाय. म्या तेच तर म्हंते, पाणी..."

मथुराबाईनं तिच्या तोंडात दिली. जेवणारे गडी खाली बघून भाकरी मोडत राहिले. त्यानंतर बजानं पाण्याचं नाव काढलं नाही.

संक्रांत झाली, शिमगा झाला, कुंडलिक फिरकला नाही. एक दिवस जेवता जेवता धुळा नावाचा गडी म्हणाला, "मावशे, वंगाळ वाटून घिऊ नगं, पर कुंडलिकाला नातेपुत्याची पोरगी बगत्यात. सुपारी फुटंल असं दिसतंय." मथुराबाईच्या हातातला डाव भांड्यात पडला. टाकलेल्या बाईचं काय होतं ते तिला कुणी सांगायला नको होतं. तिच्या मागं ही पोर उरली असती, दुसऱ्याची उष्टी काढत.

तिनं लुगडं बदललं आणि थेट आप्पाच्या दारात जाऊन उभी राहिली. रडणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती म्हणाली, "आप्पा, माज्या पोरीला स्वैपाक येत न्हाय म्हंता. शिकिवला म्या. मग मला येतो का न्हाय त्ये बगा. तुमच्या घरात, तुमच्या चुलीवर पुरण घालते. चार मानसं बोलवा. खाऊन बगा आन् मग पोरीचं बोला."

आप्पानं मिशीवरून हात फिरवला. "या की. घाला पुरण. मग बगू."

मग बघू म्हणजे काय, हे मथुराबाईनं विचारलं नाही. तिला वाटलं ते उघडच आहे. आईचा हात चांगला, म्हणजे तिनं शिकवलेली लेकही चांगली. लेकीला परत न्यायला आणखी काय लागतं?

गुरुवार ठरला. सकाळी निघताना बजा दाराशी आडवी आली. "आई, जाऊ नगं. न्हायतर हितनं नळाची एक घागर तरी डोक्यावर घिऊन जा. तुज्या पाया पडते."

"घागर घिऊन जाऊ? म्हंजे तुजंच खरं केल्यावानी. सर बाजूला."

आप्पाच्या ओसरीवर भावकीतली दोन माणसं आणि पलीकडं सिद्रामप्पा बसला होता. सिद्रामप्पा गिरणीत जॉबर. त्याच्या हाताखालचे गडी मथुराबाईच्याच पंगतीला जेवायचे, जॉबर म्हणेल तिथं जाणारे. त्याला बघून तिला बरंच वाटलं. साक्षीला आपलाच माणूस आहे, असं ती समजली. सोनाबाईनं चूल दाखवली, डाळ काढून दिली आणि ती बाहेर जाऊन बसली. "ईनबाई, तुमी असताना मी कशाला लुडबुड करू?" असं म्हणाली, आणि म्हणताना तिनं मथुराबाईकडं पाहिलं नाही.

मथुराबाईनं आधण ठेवलं, हळद घातली, एरंडेलाचा थेंब सोडला, डाळ वैरली. फेस आला तो काढून टाकला. बाहेर आप्पा सिद्रामप्पाला विहीर दाखवत होता, किती खोल, खडक कुठं लागला, पाणी कसं फुटलं. ती मनाशी हसली. मग एक दाणा काढून चिमटीत दाबला. कडक होता. असू दे, आत्ताच तर घातली. तिनं लाकडं पुढं सारली.

दुसऱ्यांदा दाबला, कडक. तिसऱ्यांदा दाबला तेव्हा वरचा पापुद्रा निघाला आणि आत पांढरी कणी तशीच टच्च. जाळ एवढा लागला होता की भिंतीचा पोपडा सुटायला आला. पाणी आटलं, तिनं आणखी घातलं, उकळतं घातलं. डाळ भांड्यात खडखड वाजत होती. तिनं तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं, घोळवलं. गोडच होतं. आणि त्याच गोड पाण्यात डाळ खड्यासारखी बसली होती.

पोर खरं बोलत होती तर. पंचमीला बोलली, दिवाळीनंतर बोलली, आज दारात आडवी येऊन बोलली. आणि आपण तिच्या तोंडात दिली. मथुराबाई फुंकणी हातात धरून तशीच बसली. चुलीचा धूर डोळ्यांत जात होता आणि तिला डोळे पुसायचंही सुचत नव्हतं.

बाहेरून आप्पाचा आवाज आला. "ईनबाई, हुतंय का?"

"हुतंय, हुतंय."

काहीतरी करायचं म्हणून तिनं कोनाड्यातला मिठाचा सट ओढला. त्याच्या मागं भिंतीच्या खोबणीत हाताला एक फडक्याची पुरचुंडी लागली. तिनं गाठ सोडली. आत पांढरी पूड होती. जिभेला लावली. पापडखार होता. पुरचुंडी जुनी होती, तेलकट झालेली, रोज हात लागून मऊ पडलेली. ही सोनाबाईची होती. लेक घरात यायच्या आधीपासूनची. ही बाई खार टाकून रांधत होती आणि माझ्या लेकीला डाळ शिजवता येत नाही म्हणून घालवून दिलं!

तिला वाटलं, उठावं. ही पुरचुंडी आप्पाच्या पुढ्यात आपटावी, कच्ची डाळ त्या तिघांच्या ताटांत ओतावी आणि सांगावं, ही बघा तुमची विहीर, हा बघा तुमच्या बायकोचा हात, आणि माझी पोर एवढ्यांत एकटी खरी होती. ती गुडघ्यावर हात टेकून अर्धी उठलीसुद्धा.

तेवढ्यात सिद्रामप्पा बाहेर म्हणाला, "आप्पा, मावशीच्या डाळीची गोष्टच न्यारी. खाराचा कण न्हाय. म्हनून तर माजी समदी मानसं तितं धाडतो म्या."

मथुराबाई खाली बसली. कच्ची डाळ घेऊन बाहेर गेलं आणि आप्पानं उलटंच धरलं तर? आईलाच येत नाही तर लेकीला कुठनं येणार, असं म्हणाला तर? सिद्रामप्पा ते गिरणीत सांगेल. उद्या पंगतीला कोण बसेल? खानावळ गेली तर पोरीला तरी काय घालू? आणि आज डाळ शिजली तर? शिजली तर सगळं जिथल्या तिथं येईल. पोर आपल्या घरी जाईल. एकदा घरात गेली की मी तिच्या कानात सांगेन, बाई, टाक खार, माझी आण मी परत घेतली.

असं तिनं मनाला समजावलं, चिमूट भरून भांड्यात टाकली आणि पुरचुंडीला गाठ मारून ती होती तिथं सारली.

डाळ फसफसून काठोकाठ आली. मथुराबाईनं पळीनं ढवळली. क्षणात सगळी गळून पडली, मेणासारखी झाली. आपल्या हातून मेलेल्या डाळीकडं ती बघत राहिली. मग तिनं गूळ घातला, पुरण शिजवलं, पाट्यावर वाटलं, पोळ्या लाटल्या. पोळ्या चांगल्या फुगल्या.

माणसं तोंड भरून जेवली. सिद्रामप्पानं वर तूप मागून घेतलं आणि भावकीतल्या म्हाताऱ्यानं बोटं चाटली. आप्पानं हात धुतला, सावकाश चूळ भरली, पान लावलं. दारात उभ्या असलेल्या मथुराबाईला म्हणाला, "मानलं तुमाला. असं पुरण माज्या आईच्या मागं आज खाल्लं."

मथुराबाई एक पाऊल पुढं झाली. "मग आप्पा, पोरीला..."

"तेच बोलतो." आप्पा भावकीकडं वळला. "बगा, तुमच्या समक्ष झालं ह्ये बरं झालं. हीच चूल, हीच डाळ, माज्याच हिरीचं पाणी. खार न्हाय न् काय न्हाय. शिजली का न्हाय? मग पाणी जड कुटं हाय? आईनं शिकवायचं सोडलं न्हाय, पर पोरीतच खोट हाय. वर माज्या हिरीला नाव ठेवलं तिनं. मनात जरा किंतू हुता, ईनबाई, आज तुमीच त्यो काढलासा. आता नातेपुतेकरांना हो म्हनायला मी मोकळा झालो."

"आप्पा, असं कसं... पाणी थोडं जडच हाय हो." तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

सगळे हसले. सिद्रामप्पा म्हणाला, "मावशे, लेकीपायी बोलतीस. जड असतं तर ही पोळी झाली असती व्हय?"

एक वाक्य उरलं होतं बोलायचं. ते तिच्या ओठांवर आलं होतं. सिद्रामप्पा तोंडातलं पान चघळत तिच्याकडं कौतुकानं बघत होता. ती मागं फिरली आणि चुलीपाशी गेली.

तिथं सोनाबाई कोनाड्यापुढं उभी होती. हातात पुरचुंडी होती. "ही गाठ माजी न्हवं," ती हळूच म्हणाली.

"तुमी माज्या पोरीला का न्हाय सांगितलंसा?" मथुराबाईनं दात आवळून विचारलं. "एक शबूद? तिचं वाटुळं झालं, सोनाबाई!"

"सांगायचं म्हंजे म्या काय करत हुते त्ये सांगायचं. ह्यांनी छातीएवडा खडक फोडून ही हीर पाडलीया. तिच्यात डाळ शिजत न्हाय ह्ये मी कुटल्या तोंडानं सांगू?" सोनाबाईनं पदरानं डोळे टिपले. खोटं रडत नव्हती ती. "मला वाटलं, तुमची लेक हाय, खानावळवालीची. खाराचं ठाव असंलच की तिला. समद्याच आया शिकिवत्यात."

सोनाबाईनं पुरचुंडीला आपली गाठ मारली आणि ती परत सटामागं ठेवली. "मी बोलत न्हाय, तुमीबी बोलू नगा," एवढं म्हणून ती उष्टी ताटं उचलायला बाहेर गेली.

दिवस कलताना मथुराबाई सात रस्त्यावर परत आली. बजा दारातच बसली होती, सकाळपासून बसली असावी तशी. आईचं तोंड बघून ती उभी राहिली.

"आई, शिजली?"

इथं तरी सांगायला काय हरकत होती? बाहेर कुणी नव्हतं, गडी यायला वेळ होता. पोटची पोर समोर उभी होती. पण तिला खरं सांगायचं तर पंचमीची आण, ती थोबाडीत, आणि आज चिमूटभर टाकून तिचा संसार आपल्याच हातानं मोडला, सगळंच सांगावं लागणार होतं. तेवढं बळ मथुराबाईत नव्हतं.

"शिजली," ती म्हणाली.

बजानं विचारलं, "खार न घालता?"

"न घालता."

बजानं आपले दोन्ही हात पुढं धरले, उलटे करून पाहिले, पुन्हा सुलटे केले. "मग माजाच हात वाईट हाय, आई," ती म्हणाली. "उगंच मी पाण्याला बोलले."

ती रडली नाही. आत गेली, भाकरीचं पीठ काढलं, चुलीत लाकडं घातली. डाळीचं भांडं मात्र तिनं उचलून आईच्या पुढ्यात आणून ठेवलं.

"आजपास्नं डाळ तूच घालत जा. माज्या हातानं नगं."

भोंगा झाला. गडी यायची वेळ झाली होती. मथुराबाईनं भांडं ओढलं आणि नळाच्या पाण्यानं डाळ धुवायला घेतली.